सोमवारची छाती

मिस्ये सखाराम, म्हणजे सखारामसाहेब, यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला अजूनही भेटतात. परवा त्रियोलेच्या बसथांब्यावर एका निवृत्त मास्तरांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "तुम्ही लोपितालात मिस्ये सखारामच्या हाताखाली होता नाही का? काय शिस्तीचा माणूस होता!" मी मान डोलावली. त्यांच्या हाताखाली साडेपाच वर्षं काढली की मान डोलवायची सवय लागते, ती पेन्शनीतही सुटत नाही.

शिस्तीचे ते होतेच. आमच्या उत्तरेकडच्या सरकारी लोपितालात, म्हणजे इस्पितळात, एक्स-रे काढायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा बेटावर इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्यासारख्या मराठी माणसाने उसाच्या मळ्यातून निघून पांढरा कोट चढवणं म्हणजे गावात मिरवायची गोष्ट होती. मी तिशी ओलांडलेला, बायकामुलांचा माणूस, सें पिएरच्या दवाखान्यातून बदलून तिथे गेलो. मिस्ये सखारामनी वर न पाहता विचारलं, "कुठला?"

"सें पिएरचा."

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "सें पिएर, पाणी आण." "सें पिएर, दार लाव." साडेपाच वर्षांत माझं खरं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आणि मला खात्री आहे की ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

दिसायला ते किरकोळच होते. इस्त्रीची खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे, वर कोट. बोटांची नखं औषधाने तपकिरी झालेली. अंगाला कायम फिल्म धुण्याच्या आंबट औषधाचा वास. आवाज कधी चढायचा नाही. ओरडणारा साहेब परवडतो, कारण ओरडून तो दमतो. हे दमत नसत. इस्पितळातले लोक पाठीमागे त्यांना 'प्लों' म्हणत. प्लों म्हणजे शिसं. आमच्या कामात शिशातून काही आरपार जात नाही, म्हणून ते नाव.

पण काम असं करत की बघत राहावं. फिल्म विलायतेहून बोटीने येई. महिना महिना बोटीच्या पोटात तापलेली, मग पोर्ट लुईच्या गोदीत आणखी तापलेली. एका खोक्यातली फिल्म पटकन काळी पडायची, दुसऱ्यातली आळशी निघायची. डेव्हलपरचं औषध तर इतकं लहरी की उन्हाळ्यात टाकीभोवती बर्फाच्या लाद्या रचाव्या लागत. दुसरे लोक अंदाजाने बटण दाबायचे आणि जे येईल ते डॉक्टरसमोर धरायचे. मिस्ये सखाराम म्हणायचे, "गाढवं म्हणतात, फिल्म खोटं बोलत नाही. फिल्म रोज खोटं बोलते. कालच्यापेक्षा आज किती जास्त खोटं बोलली ते मोजायचं, म्हणजे खरं हाती लागतं."

ते मोजण्यासाठी त्यांनी स्वतःच एक हत्यार बनवलं होतं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमचे तुकडे आणून, कापून, घासून, एकावर एक रचून अकरा पायऱ्या केल्या होत्या. पहिली पायरी एका पत्र्याची, अकरावी अकरा पत्र्यांची. दर सोमवारी सकाळी ही पट्टी फिल्मवर ठेवून ठरावीक किरण सोडायचे. पातळ पायरीखाली फिल्म काळी कुळकुळीत, जाड पायरीखाली जवळजवळ पांढरी, मधे सगळ्या छटा. मग फोटोग्राफरचं उजेड मोजायचं यंत्र घेऊन प्रत्येक छटेतून किती उजेड पलीकडे येतो ते टिपायचं आणि आलेखाच्या कागदावर रेघ काढायची. मागल्या सोमवारची रेघ भिंतीवर टाचलेली असे. नवी तिच्यावर ठेवून बघायची. केसभर जरी सरकली असली तरी त्या आठवड्यातल्या सगळ्या रोग्यांवर किती सेकंद किरण सोडायचे तो हिशेब बदलायचा. पोर्ट लुईचे मोठे डॉक्टर आपल्या बायकांना घेऊन आमच्याकडे येत, ते ह्या रेघेसाठी.

त्या पायऱ्या त्यांच्या तोंडीही असत. ज्याला काही समजत नाही तो अकरावी पायरी, म्हणजे ज्यातून काहीच आत जात नाही असा. मी अकरावी होतो. मेट्रन दहावी होती, ते तिला माहीत होतं आणि माझ्यापेक्षा आपण एकाने बऱ्या याचं तिला समाधान होतं.

रोग्यांशी ते फक्त तीन शब्द बोलत. "रेस्पिरे. पा बूझे." श्वास घे, हलू नकोस. एकदा प्लेन दे पपायहून एक म्हातारी आली. आपलीच, मराठी. दम्याने पार पिळवटलेली. श्वास रोखायला सांगितला की तिला खोकला यायचा. दोन फिल्म वाया गेल्यावर मिस्ये सखारामनी यंत्रामागून बाहेर येऊन तिची हनुवटी वर उचलली आणि नेहमीच्या आवाजात मराठीत म्हणाले, "आजी, मेल्यावर जसा रोखशील तसा रोख. थोडी सवय कर." तिची सून दारात उभी होती. म्हातारी इतकी घाबरली की श्वास खरंच थांबला. ती फिल्म मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम फिल्मांपैकी एक होती. बरगडीन् बरगडी मोजून घ्यावी अशी. मिस्ये सखारामनी ती मला दाखवली आणि म्हणाले, "बघ. लाड केले असते तर हे मिळालं असतं?" मी मान डोलावली. फिल्म खरोखर चांगली होती.

आता धोंडूकडे येतो. हे सगळं त्याच्यासाठीच लिहितो आहे.

धोंडू आमच्या इस्पितळात झाडलोट करायचा, रोग्यांना स्ट्रेचरवरून न्यायचा, बर्फाच्या लाद्या डोक्यावरून आणायचा. चाळिशीचा, बुटका, खांद्यांनी रुंद. गणपतीत आमच्या देवळात झाकरी चालते. कोकणातून आलेल्या आज्यापणज्यांनी आणलेलं गाणं आणि नाच. धोंडू त्यात पुढचा गाणारा. एका दमात तो असा काही लांब सूर धरायचा की मागच्या लोकांचे पाय थांबायचे आणि ते नुसते ऐकत राहायचे. त्या वर्षी मिस्ये सखाराम देवळाच्या कमिटीत होते. ते खुर्चीवर बसून आमच्या डार्करूमचं घड्याळ हातात धरून झाकरी ऐकत होते. ठेका कुठे चुकतो ते बघत असतील असं वाटून गाणारे बिचकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी धोंडूला बोटाने जवळ बोलावलं.

"सत्तावीस सेकंद," ते म्हणाले. "छाती हलली नाही. सोमवारी सकाळी ये. शर्ट काढून."

धोंडूला वाटलं, आपलं कौतुक झालं. तो गणपतीच्या मांडवात सगळ्यांना सांगत फिरला.

मिस्ये सखारामच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. अॅल्युमिनियमला बरगड्या नसतात. आपण पट्टीवर मोजतो आणि वापरतो माणसावर. मग एक माणूसच का घेऊ नये? दर सोमवारी तोच माणूस, तीच छाती, तेच अंतर, तेवढेच सेकंद. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक जागा ठरवायची आणि फिल्मवर त्या जागेचा काळेपणा मोजायचा. माणूस तोच असेल तर काळेपणा तोच यायला हवा. नाही आला तर फिल्म बिघडली. त्यांना हे इतकं आवडलं होतं की त्या दिवशी त्यांनी मला चक्क समजावून सांगितलं.

अशी धोंडूची छाती आमचं माप झाली. दर सोमवारी सात वाजता तो उघडा उभा राहायचा. मी त्याच्या गळपट्टीखाली चिकटपट्टीने शिशाचा एक छर्रा लावायचो, फिल्मवर जागा सापडावी म्हणून.

"भाई, ही पाटी लय फ्रे हाय, बर्फावानी," तो कुजबुजायचा. "छातीला लागली की आंगावर काटा येतो."

"रेस्पिरे. पा बूझे," पलीकडून आवाज यायचा, आणि धोंडू झाकरीचा दम धरायचा.

फिल्म वाळली की मिस्ये सखाराम ती उजेडाच्या पेटीवर लावत आणि वर एक काळा पुठ्ठा ठेवत. पुठ्ठ्याला मधोमध बोट जाईल एवढं भोक. भोक छर्र्याशेजारी आणायचं, त्यावर उजेडाचं यंत्र टेकवायचं, आकडा लिहायचा, फिल्म खणात. बाकीची छाती पुठ्ठ्याखाली. तिच्याकडे बघायचं कारण नव्हतं. ह्या फिल्म डॉक्टरकडेही जात नसत. तपासणी फिल्मची होती, धोंडूची नव्हती.

पहिले दोन महिने आकडा सुतासारखा सरळ आला. मग घसरायला लागला. त्या ठरलेल्या जागी फिल्म हवी तेवढी काळी होईना. थोडी फिकी, पुढल्या सोमवारी आणखी थोडी. मिस्ये सखारामनी निदान केलं: ही खोकी गोदीत जास्त तापली, फिल्म मंद पडत चालली आहे. त्यांनी सेकंद वाढवले. धोंडूचे वाढवले आणि त्या हिशेबाने सगळ्यांच्या छात्यांचे वाढवले. आकडा जागेवर आला. दोन आठवड्यांनी पुन्हा घसरला. पुन्हा वाढवले.

गोची अशी होती की माझी पट्टी हे कबूल करत नव्हती. अॅल्युमिनियमच्या अकरा पायऱ्यांची फिल्म अजून मीच काढत होतो, आणि माझी रेघ मागल्या रेघेवर तंतोतंत बसत होती. पट्टीच्या मते फिल्म होती तशीच होती. मी ते सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली रेघ घेऊन बघितली. "दोन मापं एकमेकांना खोटं पाडतात, म्हणजे एक माप गाढवाने घेतलंय. धोंडूचं माप कोण घेतो?"

"तुम्ही, मिस्ये."

"मग?"

त्यांनी माझ्या हातात पेन दिलं आणि त्या आलेखाखाली लिहायला लावलं, 'ही रेघ माझ्या निष्काळजीपणाने चुकली आहे', आणि तो कागद व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचला, जिथे नर्सा येता-जाता वाचत. पुढल्या सोमवारी रेघ तशीच आली. ते म्हणाले, तुझे हात गरम आहेत, औषध तापतं. त्यांनी बर्फाच्या पाण्याची बादली व्हरांड्यात ठेवली आणि रोग्यांच्या रांगेसमोर मला दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून उभं केलं. पाच मिनिटं घड्याळावर मोजून. बोटं लाल झाली, मग बधिर. रांगेत माझ्या सासुरवाडीचा एक माणूस बसला होता. तो दुसरीकडे बघत होता, हे त्याचे उपकार. रेघ तरीही तशीच आली. तिसऱ्या सोमवारी पुन्हा बादली.

चौथ्या सोमवारी मी पट्टीची फिल्म औषधातून अर्धं मिनिट आधी बाहेर काढली.

एवढंच केलं. अर्धं मिनिट. कमी वेळ औषधात राहिलेली फिल्म फिकी येते, आणि फिकी फिल्म मंद फिल्मसारखी दिसते. रेघ हवी तशी खाली सरकली. मिस्ये सखारामनी ती भिंतीवरच्या रेघेवर ठेवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता शिकलास," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा आंबा मला दिला. साडेपाच वर्षांत एकदाच. मी तो खाल्ला, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. त्यानंतर दर सोमवारी मी घड्याळ बघून तशीच चोरी करत राहिलो. ते जितके सेकंद वाढवत, तितकी मी माझी रेघ खाली ढकलत असे.

धोंडू उतरत चालला होता. मला दिसत होतं, कारण छर्रा मी लावायचो. गळपट्टीच्या हाडावर आणि खाली खड्डा पडायला लागला होता. चिकटपट्टी सपाट बसेना, छर्रा घसरायचा. मिस्ये सखाराम पडद्याआडून म्हणाले, "काय झालं?"

"बसत नाही, मिस्ये. हा बारीक झालाय."

ते बाहेर आले आणि धोंडूच्या खड्ड्यात बोट घालून बघितलं. "जेवत नाहीस?"

"भूक न्हाय लागत, मिस्ये. आन् घाम लय येतो."

"मुकाट्याने जेव. माझं माप बिघडवू नकोस." त्यांनी चिकटपट्टी आणखी लांब कापून दाबून बसवली. "तुला दुसरं काय काम आहे? उभं राहायचं. तेवढंही जमत नाही?"

"माफ करा, मिस्ये," धोंडू म्हणाला.

एकदा ओली फिल्म टांगताना माझी नजर तिच्यावर पडली. माझ्यासमोर पुठ्ठा नव्हता, अख्खी छाती होती. उजवीकडे वर, छर्र्याच्या आसपास, कापसाचा बोळा ठेवल्यासारखं काहीतरी पांढुरकं होतं. मी तिथे उभा राहिलो. मी डॉक्टर नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य मी पुढे किती वेळा सांगितलं असेल! मी डॉक्टर नव्हतो, पण पाच-सहा वर्षं क्षयाच्या छात्या धुतलेल्या माणसाला तो बोळा ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. मी बोललो असतो तर माझी रेघही बोलली असती, आणि माझं अर्धं मिनिट बाहेर आलं असतं. मी फिल्म वाळवली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पुठ्ठा लावला.

पुन्हा गणपती जवळ आले. देवळात झाकरीची तालीम सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी धोंडूने पुढचा सूर धरला, तो मधेच तुटला, आणि त्याने तोंडावर धरलेला पंचा लाल झाला. लोकांनी त्याला ट्रकमध्ये घालून इस्पितळात आणलं. विलायतेत शिकून नुकतेच आलेले तरुण डॉक्टर त्या रात्री कामावर होते. सकाळी त्यांनी फिल्म काढायला सांगितली, मिस्ये सखारामनी काढली, आणि पहिल्यांदाच धोंडूची फिल्म पुठ्ठ्याविना कुणा डॉक्टरने पाहिली. उजवं फुप्फुस वरून पोखरलेलं होतं. डाव्यातही सुरू झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसात झालेलं नाही. ह्याची जुनी फिल्म आहे का?"

धोंडूच बोलला. खाटेवरून, दम खात, अभिमानाने. "हाय की, दोक्तर. दर सोमवारी काढत्यात माझी. मिस्येंचं माप मीच हाय."

डॉक्टरांनी मिस्ये सखारामकडे पाहिलं. मग म्हणाले, सगळ्या फिल्म शुक्रवारी माझ्या टेबलावर हव्यात. शुक्रवारी पोर्ट लुईहून मोठे साहेब येणार होते, त्यांना दाखवायच्या होत्या. तो मंगळवार होता. दुपारी धोंडूला छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात हलवलं.

बुधवारी मिस्ये सखारामनी खण उघडला. त्रेचाळीस फिल्म होत्या. पुठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला आणि एकेक फिल्म क्रमाने उजेडाच्या पेटीवर लावली. मी दारात उभा होतो. एक फिल्म, मग दुसरी. नवव्या फिल्मवर ते थांबले. पुन्हा आठवी लावली, पुन्हा नववी. मग सरसर पुढे गेले, आणि तो पांढुरका बोळा सोमवारा-सोमवाराने वाढत गेला. ते जसजसे सेकंद वाढवत गेले होते तसतशी बाकीची छाती काळी ठिक्कर पडत गेली होती, फक्त ती जागा राखलेली. त्यांनी तिच्यासाठीच सगळं केलं होतं. आणि ह्याच सेकंदांनी त्या वर्षी आम्ही साऱ्या उत्तरेच्या छात्या काढल्या होत्या. किती जणांचे कोवळे डाग आम्ही काळ्यात बुडवले असतील ते देवाला माहीत.

शेवटची फिल्म काढून त्यांनी दिवा बंद केला.

"फिल्म मंद झाली नव्हती," ते म्हणाले.

मला वाटलं आता ते माझ्याकडे वळतील, रेघेबद्दल विचारतील. मी सांगायला तयार होतो, देवाशपथ तयार होतो. ते वळले. माझी चोरी त्यांना ठाऊक होती की काय, कोण जाणे. म्हणाले, "सें पिएर, पाणी तापव. टब भरून. आणि धुण्याचा सोडा आण."

एक्स-रेची फिल्म कढत सोड्याच्या पाण्यात टाकली की वरचा थर सुटतो. बोटाने खरवडला की चिखलासारखा निघून येतो आणि खाली उरतं ते नुसतं पारदर्शक पान. इस्पितळामागच्या मोरीवर आम्ही दोघे समोरासमोर उकिडवे बसलो. ते एक बाजू घासत, मी दुसरी. धोंडूच्या बरगड्या माझ्या बोटांखाली काळ्या गाळासारख्या सुटून मोरीत जात होत्या. एकविसाव्या-बाविसाव्या फिल्मला मला रडू आलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कोपरे राहिलेत." मी कोपरे घासले. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की तपासणीच्या फिल्म ठेवायच्या नसतात, आपण त्या नियमाने धुऊन टाकतो. मिस्ये सखाराम म्हणाले म्हणजे तसा नियम असणारच. मोठ्या साहेबांनी शुक्रवारी आमच्या भिंतीवरच्या रेघा पाहिल्या आणि मान डोलावली.

शनिवारी ते म्हणाले, चल. बगलेत ती पानं गुंडाळलेली, हातात फिल्म कापायची सुरी, पोलादी पट्टी, हातोडी आणि चुका, म्हणजे बारीक खिळे. आम्ही बसने प्लेन दे पपायला गेलो. धोंडूचं लाकडी घर उसाच्या कडेला होतं. फेब्रुवारीतल्या सिक्लोनने त्याच्या खिडकीची तावदानं फुटली होती आणि तेव्हापासून तिथे गोणपाट लटकत होतं. तशी त्या गल्लीत दर घरात एखादी खिडकी होतीच. बसमध्ये मी विचारलं, आपण हे कशासाठी करतोय. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथे कुणी शोधायला येणार नाही."

धोंडूची बायको पार्वती पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली, पदर सावरला, आधी धोंडूचं विचारलं. मिस्ये सखाराम म्हणाले, "बरा आहे. घरी आल्यावर त्याला वारा लागू नये." ते खरं बोलत नव्हते हे त्या अंगणात आम्ही दोघेच जाणत होतो. छातीच्या वॉर्डातून धोंडू घरी आला नाही. पंधरा दिवसांनी त्याला थेट स्मशानात नेलं.

त्यांनी गोणपाट उतरवलं. पोलादी पट्टीने चौकट मापली, दोनदा, आणि पानं इतकी नेमकी कापली की कडेला केसभर फट राहिली नाही. मी चुका देत होतो, ते ठोकत होते. खिडकी झाल्यावर उरलेली पानं त्यांनी शेजाऱ्यांना वाटली. बायका पोरांना घेऊन आल्या, कुणी पेरू आणले. दुपारपर्यंत जवळजवळ अख्ख्या गल्लीच्या खिडक्या चकचकीत झाल्या आणि माणसं म्हणायला लागली, मिस्ये सखाराम म्हणजे देवमाणूस.

शेवटच्या खिडकीचं पान ठोकण्याआधी पार्वतीने हातात धरून उन्हासमोर केलं, ह्या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. पलीकडे ऊस दिसत होता.

"मिस्ये," ती म्हणाली, "ह्येच्यावर आदी कायतरी असल नी?"

"काही नव्हतं," मिस्ये सखाराम म्हणाले, आणि पुढच्या चुकेसाठी माझ्यासमोर हात पसरला. मी त्यांच्या तळहातावर चूक ठेवली.